पीडीएफ केली की झालं? नाही झालं!

शाईचा_डाग
काल पानोपानी यांनी ठोकून दिलं, "वर्डची फाइल कुणाला वाचायला द्यायची तर पीडीएफ करा, विषय संपला. ईपबची ई-पुस्तकं, वेबपान वगैरे रिकामटेकड्यांचे उद्योग." रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहितो.

वडिलांनी लिहिलेल्या आठवणी मावशीला पाठवल्या होत्या. २१२ पानांची पीडीएफ. ती फोनवर दोन बोटांनी अक्षर मोठं करायची, ओळ संपेपर्यंत उजवीकडे सरकवायची, परत डावीकडे यायची, तोवर ओळ हरवलेली. चौथ्या पानावर फोन ठेवला, म्हणाली, "तूच वाचून दाखव बाबा." तीच फाइल पॅनडॉकमधून (फायलींचं रूप बदलणारा प्रोग्राम) एचटीएमएल, म्हणजे पडद्याच्या रुंदीत ओळी बसवणारं वेबपान, करून दिली, तर तिसऱ्या दिवशी वडिलांच्या चुका सांगायला तिचाच फोन! ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद, फोनचा पडदा जेमतेम सात. त्यात कागद कोंबायचा हट्ट का?

आणि ज्या पानांसाठी हा जीव काढताय ती वर्डच्या फाइलमध्ये नसतातच. डॉकएक्स, म्हणजे वर्डची फाइल, हे एक झिप, फायलींचं गाठोडं. आत एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेला मजकूर, त्यात परिच्छेद आणि त्यांच्या स्टाइल्स (हे शीर्षक, हा साधा मजकूर अशी नावं). तुम्ही स्वतः पेज ब्रेक घातला नसेल, तर पान कुठे तुटायचं ते फाइल उघडल्यावर वर्ड ठरवतो. फॉन्ट बदला, पानं बदलली.

पानोपानी
म्हणूनच पीडीएफ! तुमचा वर्ड रोज मत बदलतो, पीडीएफ बदलत नाही. १९९३ पासून आहे, २००८ साली आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. माझ्या पुस्तकावर चौघे जण फोनवर चर्चा करतो, "पान ८७, तळटीप ४ बघा." तुमच्या अखंड मजकुरात काय सांगू? "अंगठ्याने साधारण अकरा वेळा ढकला"?

ओवी_मोजणारा
गीतेतला २.४७ कितव्या पानावर आहे असं कुणी विचारतं का? परिच्छेदांना क्रमांक द्या, प्रश्न मिटला. प्लेटोचे संदर्भ आजही १५७८ च्या आवृत्तीवरून देतात, पुस्तक कुठल्याही आकारात छापलेलं असो.

पानोपानी
१५७८ च्या आवृत्तीच्या *पानांवरून* देतात, साहेब. माझीच बाजू मांडलीत, आभारी आहे.

ओवी_मोजणारा
बरं, प्लेटो तुम्हाला दिला. गीता माझ्याकडेच राहू द्या.

टंकनपीडित
तुमचं चालू द्या, पण खरा रोग कुणी बोलतच नाहीये. लोकांकडून आलेल्या फायली ईपब करणं हे माझं काम. परवाच्या फाइलमध्ये शीर्षक मधोमध आणायला स्पेसबार, नवं प्रकरण पुढच्या पानावर ढकलायला चौदा एंटर. शीर्षक म्हणजे काय, तर ठळक केलेली मोठ्या अक्षरांची ओळ. पॅनडॉकला ती शीर्षक दिसतच नाही, अनुक्रमणिका रिकामी. तळटिपेचा आकडा हाताने टाइप करून वर उचललेला, त्याचा दुवा कसा होणार? 'हेडिंग १' या शीर्षकाच्या स्टाइलवर क्लिक करायला पैसे पडतात का?

पानोपानी
मी टाइपरायटरवर शिकलो. तीस वर्षं असंच लिहितोय, कुणाची तक्रार आली नाही.

टंकनपीडित
तक्रार करणारे मुकाट्याने एंटर पुसत बसलेले असतात!

शाईचा_डाग
एंटरवरून भांडण्यासाठी काढला नव्हता हा धागा.

टंकनपीडित
मग वर्डमधूनच वेबपान म्हणून सेव्ह करून बघा आणि आतला कोड उघडा. एका वाक्याभोवती दहा ओळींचा कचरा असतो. मुळात स्टाइल्स नीट लावल्या तर...

आवाजी
मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरने, म्हणजे मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामने, वाचतो. एच दाबत शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारतो. तुमची ठळक ओळ मला साधी ओळ म्हणूनच ऐकू येते. चौदा एंटर म्हणजे चौदा वेळा "रिकामी ओळ". आणि टॅग (काय कुठल्या क्रमाने वाचायचं याच्या आतल्या खुणा) नसलेल्या दोन स्तंभांच्या पीडीएफमध्ये कधीकधी डाव्या स्तंभाची ओळ संपली की थेट उजव्याची सुरू होते. अर्धं वाक्य कराराचं, अर्धं परिशिष्टाचं. हे मी एकदा सहीच्या आदल्या रात्री ऐकलंय.

पानोपानी
हे माहीत नव्हतं. तुमच्यापुरतं मान्य. बाकीच्यांनी लगेच पेढे वाटू नयेत.

टंकनपीडित
मग आता फाइल साफ कराच. 'शोधा आणि बदला' मध्ये वर दोन परिच्छेदखुणा (एंटरच्या खुणा), खाली एक, आणि 'सगळे बदला'. एकही बदल उरला नाही असं सांगेपर्यंत दाबत राहा.

पानोपानी
केलं. सहाशेच्या वर बदल झाले. पुस्तकात एकोणीस कविता आहेत. सगळ्यांची कडवी एकमेकांना चिकटली. ही घ्या तुमची सफाई.

टंकनपीडित
अहो, कविता आधी बाजूला काढायच्या! ओळींना शिफ्ट-एंटर (परिच्छेद न तोडता नवी ओळ), कडव्यांतली जागा स्टाइलने. ते सांगायचं राहिलं, चूक माझी. आत्ता काही करू नका, आधी कंट्रोल-झेड दाबून केलेलं मागे घ्या.

पानोपानी
सेव्ह करून बंद केली. असू दे. जुनी पीडीएफ आहे माझ्याकडे, त्यात कडवी जागच्या जागी आहेत.