मदत हवी आहे: घरांच्या रेंडरिंगसाठी ग्राफिक्स कार्ड, १६ जीबीचं हळू घ्यावं की १२ जीबीचं फास्ट?

नमस्कार मंडळी,

जुने धागे चाळले पण त्यात बहुतेक चर्चा गेमिंगची आहे, माझी गरज वेगळी आहे म्हणून नवीन धागा काढतेय. थोडा मोठा झालाय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणी सल्ला तरी कसा देणार.

मी आर्किटेक्ट आहे, दापोलीत छोटं ऑफिस आहे. कामं जास्त करून मुंबई-पुण्यात राहून गावाला घर बांधणाऱ्यांची, म्हणजे वाडीत नवीन जांभ्याचं घर, नाहीतर आजोबांचं जुनं कौलारू घर न पाडता नीट करून देणं. प्लॅन ऑटोकॅडमध्ये, मॉडेल स्केचअपमध्ये, रेंडर (मॉडेलवरून खऱ्यासारखं दिसणारं चित्र) एन्स्केपमध्ये. क्लायंट लांब असतात, साइटवर सारखं येणं जमत नाही, त्यामुळे त्यांना नुसतं एलेव्हेशन पुरत नाही, वॉकथ्रू, म्हणजे घरात फिरून बघतोय असा व्हिडिओ लागतो. पडवीत बसलं की समोर काय दिसेल, दुपारी पोफळींची सावली कुठपर्यंत येईल, माजघरात उजेड किती असेल, सगळं विचारतात आणि विचारणारच, आयुष्यभराची पुंजी घालतायत त्यात. मला ते त्यांना खरंखुरं दाखवता यायला हवं.

सध्याचं मशीन: रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० (४ जीबी), ४५० वॉटचा पॉवर सप्लाय, ६०० व्हीएचा यूपीएस, दोन मॉनिटर.

नुसतं घर असेल तोवर सगळं नीट चालतं, पण झाडं घातली की अडतं. आणि कोकणातलं घर झाडांशिवाय दाखवण्यात काही अर्थच नाही, नारळ, पोफळी, आंबा, फणस, खाली गवत, हे सगळं आहे म्हणून तर लोक तिथे घर बांधतायत. त्यात जांभ्याचं टेक्स्चर (भिंतीवर चढवायचं चित्र) मी स्वतः साइटवर फोटो काढून बनवलंय, ८केचं आहे, कारण लायब्ररीत जो चिरा मिळतो तो आपल्याकडच्यासारखा दिसत नाही, त्याला ती भोकं आणि तो पिवळट-काळपट रंग नसतो. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर डेडिकेटेड जीपीयू मेमरी पूर्ण भरलेली असते, मग शेअर्ड मेमरी वाढायला लागते आणि तिथून पुढे कॅमेरा हलवला की चित्र अडकत अडकत सरकतं. व्हिडिओ रात्री लावून ठेवते, पण पावसाळ्यात रात्रभर लाइट राहील याची काय खात्री.

कार्डासाठी बजेट ५० हजारांच्या आसपास, खरंच फरक पडणार असेल तर थोडं ताणेन. पुढे डी५ किंवा लुमियन या रेंडरच्या सॉफ्टवेअरकडे जायचा विचार आहे.

बरंच वाचून दोन नावांवर आलेय. एक आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, दुसरं आरटीएक्स ५०७० १२ जीबी. कागदावर ५०७० बरंच पुढे दिसतं, ६१४४ कूडा कोअर (कार्डातले हिशेब करणारे छोटे भाग) आहेत, ५०६० टीआयला ४६०८, मेमरीचा वेगसुद्धा सेकंदाला ६७२ जीबी विरुद्ध ४४८ जीबी. पण मेमरी ४ जीबी कमी. आणि माझी अडचणच मेमरीची आहे ना? की १२ जीबी मला आरामात पुरेल आणि मी उगाच १६ च्या मागे लागलेय? तिसरं म्हणजे एका दुकानदाराने सांगितलं की आर्किटेक्टने गेमिंग कार्ड घ्यायचंच नसतं, वर्कस्टेशनचं घ्या, आरटीएक्स ए२००० १२ जीबी. ते फक्त ७० वॉट खातं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, म्हणजे माझा पॉवर सप्लाय बदलायला नको, हे मात्र मनात भरलंय. कुणी वापरलंय का? आणि या जुन्या बोर्डावर नवीन कार्ड लावून अर्धा वेग वाया जाणार का, हेही सांगा प्लीज.

पिक्सेलपंत:
ताई, तुम्ही टास्क मॅनेजर बघून निदान बरोबर केलंय, त्यामुळे सल्ला देणं सोपं झालं. तुमच्या कामाला १६ जीबीवालं घ्या.

कारण सांगतो. कार्डाचा वेग कमी असेल तर रेंडरला वेळ जास्त लागतो, पण मेमरी कमी पडली तर काम हळू होत नाही, बसतंच. डेटा कार्डातून उतू जाऊन साध्या रॅममध्ये जातो आणि तिथून पीसीआय स्लॉटमधून, म्हणजे बोर्डावर कार्ड जिथे बसतं तिथून, ये-जा करतो. तुमचा बी४५० पीसीआय ३.० चा आहे आणि ५०६० टीआयला ८ च लेन (डेटा जायचे रस्ते) आहेत, म्हणजे मेमरी पुरत असेल तोवर जुन्या बोर्डाचा फटका किरकोळ, पण उतू गेली की तोच स्लॉट गळा आवळतो. म्हणून ५०६० टीआयचं ८ जीबीवालं मॉडेल तुमच्या बोर्डावर अजिबात नको. नाव दोन्हींचं एकच असतं, ऑनलाइन फोटोही सारखेच असतात, खोक्यावर १६ जीबी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता तुमचं ८के टेक्स्चर. ८१९२ गुणिले ८१९२ पिक्सेल, एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे कॉम्प्रेस न करता एक चित्र २५६ एमबी. मिपमॅप (त्याच चित्राच्या लांबून दिसण्यासाठीच्या छोट्या प्रती) धरले तर त्यावर आणखी तिसरा हिस्सा. बंप आणि रफनेसचे (उंचसखलपणा आणि खरखरीतपणा दाखवणारे) मॅपही ८केचे ठेवले असतील तर एकटा चिरा १ जीबीच्या आसपास जातो. सॉफ्टवेअर कॉम्प्रेस करतं तेव्हा हे बरंच उतरतं, तरी पडवीच्या समोरची भिंत सोडून बाकी सगळीकडे ४के लावून बघा, चौथा भाग होतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. जवळच्या भिंतीला मात्र ८केच ठेवा, तुम्ही एवढ्या कष्टाने बनवलंय ते दिसायला हवं.

झाडांचं उलटं आहे. एकच माड पन्नास वेळा लावला तर मेमरीत एकदाच बसतो, पण कॉम्पोनंट किंवा प्रॉक्सी असेल, म्हणजे सगळे माड एकाच मॉडेलकडे बोट दाखवत असतील, तरच. दहा वेगळ्या जातींची दहा झाडं त्याच्यापेक्षा जड पडतात. एका जातीची दोन-तीनच मॉडेल ठेवायची आणि फिरवून, लहानमोठी करून वापरायची, वाडी नैसर्गिक दिसते.

आणि वर्कस्टेशन कार्ड तुमच्यासाठी नाही. त्याचे सर्टिफाइड ड्रायव्हर सॉलिडवर्क्स, कॅटिया अशा मेकॅनिकल सॉफ्टवेअरला खरंच उपयोगी आहेत. तुमच्या कामात ए२०००चे ३३२८ कोअर आहेत, तेही २०२१च्या पिढीचे, एवढंच दिसेल. साध्या जीफोर्सला, म्हणजे तुम्ही बघताय त्या गेमिंग कार्डांनाही, स्टुडिओ ड्रायव्हर फुकट मिळतो, तो टाका.

सेकंडहँडवाला:
मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुनं आरटीएक्स ३०९० बघा की, २४ जीबी मेमरी आहे, मग कसलीच चिंता नाही.

पिक्सेलपंत:
मेमरी आहे हे खरं, पण ते एकटं ३५० वॉट खातं, आणि तिच्यासारखं ऑफिस चालवणाऱ्याला बिल आणि वॉरंटी नसलेलं कार्ड परवडत नाही. क्लायंटची मीटिंग उद्या आणि कार्ड आज गेलं तर कुणाकडे जायचं? ताई, तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन असेल तर बिलावर नंबर टाकून घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं.

चौकोनीअंगण:
मी रत्नागिरीत हेच काम करतो, दोन गोष्टी ॲड करतो ज्या कुणी सांगत नाही.

पहिली, यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. ५०६० टीआय १८० वॉट, ५०७० २५० वॉट, त्यात प्रोसेसर, दोन मॉनिटर. लाइट गेली की रेंडर चालू असताना यूपीएस लोड घेणार नाही आणि अख्खं मशीन बंद होईल. ११०० व्हीए तरी घ्या आणि पैसे कमी पडत असतील तर कार्ड दोन महिने उशिरा घ्या पण यूपीएस आधी. पॉवर सप्लायही बदलावाच लागेल, ५०६० टीआयसाठी कंपनी ६०० वॉट सांगते, चांगल्या ब्रँडचा ६५० वॉट गोल्ड घ्या.

दुसरी, रॅम ३२ जीबी करा. स्केचअप, एन्स्केप आणि ब्राउझर एकत्र उघडे असले की १६ संपते.

बाकी स्केचअपमध्ये मॉडेल फिरवताना जो जडपणा येतो तो कार्डाने फारसा जाणार नाही, तिथे प्रोसेसरच्या एका कोअरचा वेग लागतो. पुढे पैसे आले की बायोस अपडेट करून याच बोर्डावर रायझन ७ ५७००एक्स बसेल.

जांभाचिरा (धागाकर्ती):
पिक्सेलपंत, चौकोनीअंगण, मनापासून आभार. यूपीएसचा विचार डोक्यातच नव्हता, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर तोच सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

५०७० बाद. ए२०००सुद्धा बाद. ५०६० टीआय १६ जीबी, ६५० वॉटचा सप्लाय आणि ११०० व्हीएचा यूपीएस असं ठरवतेय, रॅम पुढच्या कामाच्या ॲडव्हान्समधून. सध्या सगळ्या मागच्या भिंतींना ४के टेक्स्चर लावलं आणि आंब्याची सात वेगळी मॉडेल होती ती दोनवर आणली, तेवढ्यानेसुद्धा आहे त्या कार्डावर कॅमेरा हलायला लागलाय.

एकच राहिलं, तीन पंख्यांचं मॉडेल घेऊ की दोन? ऑफिसला एसी नाही, कॅबिनेट जुनं आणि लहान आहे.

चौकोनीअंगण:
१८० वॉटला दोन पंखे पुरतात. आधी कॅबिनेटच्या आतली लांबी टेपने मोजा, पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा असेल तर तो धरून, आणि कार्डाची लांबी कंपनीच्या साइटवर बघा. तीन पंख्यांची बरीच मॉडेल ३०० एमएमच्या आसपास जातात. वाचलेल्या पैशात कॅबिनेटला पुढून हवा आत घेणारे दोन १२० एमएमचे पंखे आणि जाळीचा फिल्टर लावा, आणि पावसाळा संपला की एकदा उघडून ब्लोअर मारा.