बेन वेब्स्टरच्या स्वरातली हवा: कला की दम संपल्याची खूण?

सूरवेडी:
गेले दोन आठवडे रात्री अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक बेन वेब्स्टरच ऐकतेय. जानेवारी १९६५, कोपनहेगनचा माँमार्त्र क्लब. पियानोवर केनी ड्रू, बासवर अवघ्या अठरा वर्षांचा निल्स-हेनिंग ऑर्स्टेड पेडरसन, आणि वेब्स्टर पंचावन्नचा. संथ गाण्यात तो स्वर लावतो, क्षणभर सरळ धरतो, मग कंप सुरू होतो, रुंदावत जातो. शेवटी स्वर विझतो, पण फुंकर चालूच राहते. नुसता श्वास ऐकू येतो. टेनर सॅक्सोफोनवर इतकं जवळचं बोलणं मी दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही. याला काही जण 'म्हातारपणी दम गेला' म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही.

रात्रपाळी:
मला पटतं. ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ बँडमध्ये वेब्स्टर होता तेव्हाचा, १९४० चा 'कॉटन टेल' काढा. घोगरा, गुरगुरत धावणारा सोलो, आणि एक वाक्य सैल नाही. १९६४ मध्ये युरोपात गेल्यावर हाच माणूस द्रुत लयीत वाक्यं अर्ध्यावर सोडतो आणि जागा पियानोला भरू देतो. थकलेल्या गवयाच्या तुटक तानेला आपणही 'चिंतनशील' म्हणतोच. माझंही त्याच्यावर प्रेम आहे, पण जे कमी झालं ते कमी झालं.

रीडवाला:
टेनर वाजवतो म्हणून लिहितो. या आवाजाला सबटोन म्हणतात. जबडा सैल सोडायचा, रीडवरचा (फुंकायच्या टोकाला कंप पावणाऱ्या पातळ पट्टीवरचा) ओठाचा दाब जवळजवळ काढून घ्यायचा, आणि तरी खालचा स्वर हळुवार बोलला पाहिजे. शिकताना एकतर तो उमटतच नाही, नाहीतर भसकन फुटतो. टेनरच्या सगळ्यात खालच्या स्वरावर, बी-फ्लॅटवर, मी वर्षभर झगडलोय. पोटातून हवेचा आधार भक्कम लागतो, दमसास गेलेल्याचं हे काम नाही. द्रुत लयीबद्दल मात्र रात्रपाळी यांचं बरोबर आहे.

सूरवेडी:
रीडवाला, आभार. रात्रपाळी, आता १९५३ चं 'टेंडरली' ऐका, पियानोवर ऑस्कर पीटरसन. वेब्स्टर तेव्हा चव्वेचाळीसचा, आणि हवा तीच. मुळात एलिंग्टनकडे तो आल्टो सॅक्सोफोनवाल्या जॉनी हॉजेसच्या सोबतीने वाजवत होता. मींडेसारखं एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं त्याने तिथूनच उचललं. मग यात वय कुठे आलं?

रात्रपाळी:
बरं, वयाचा मुद्दा मागे घेतो. पण मग अडचण वाढतेच. जी गोष्ट बारा वर्षं तशीच राहिली ती लकब झाली. वेब्स्टर ज्याच्या वळणावर घडला तो टेनरवादक कोलमन हॉकिन्स १९६३ मध्ये, साठीला आलेला असताना, पुढच्या पिढीतल्या टेनरवादक सॉनी रॉलिन्सच्या समोर उभा राहून रेकॉर्ड करत होता. रॉलिन्स तिथे भलतीच आडवळणं घेतो आणि हॉकिन्स त्याला आपल्या जागेवरून उत्तर देतो. वेब्स्टरने असं स्वतःला कधी पणाला लावलं?

सूरवेडी:
हॉकिन्सची ती रेकॉर्ड मलाही फार आवडते. पण धाडस फक्त नव्या माणसासमोर उभं राहण्यातच असतं का? वेब्स्टर मूळ चालीपासून फारसा हलत नाही, त्यामुळे लपायला जागाच उरत नाही. कधी हवा आधी येते आणि स्वर मागून, कधी स्वर मधेच पातळ होऊन पुन्हा भरतो. दर वेळी ते वेगळ्या शब्दावर येतं. हेडफोन लावून फक्त वाक्यांचे शेवट ऐका. दोन शेवट सारखे सापडले तर इथे सांगा.

रात्रपाळी:
रविवारी बसतो. 'टेंडरली'पासून सुरुवात करतो.