अनुभव धागा : कंपन्यांना नावं ठेवताना

रामदासपेठी
आमच्या सोसायटीने इंटरनेट देणाऱ्या कंपनीचं बारसं कधीच उरकलंय : 'फायबरबाद'. नेट गेलं की कोणीतरी ग्रुपवर 'फायबरबाद झिंदाबाद' टाकतं, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते आणि विषय संपतो. मागे सेक्रेटरींनी त्या कंपनीच्या एरिया मॅनेजरलाच ग्रुपमध्ये घेतलं. स्वागताचा पहिला मेसेज : 'फायबरबादचे जावई आले.' त्या माणसाने शांतपणे लिहिलं, 'नमस्कार, तक्रार क्रमांक कळवा.' तो कोणाकडेच नव्हता.

गप्पांत टोपणनाव चालतं, पण तक्रारीत शिरलं की तक्रारीचाच विनोद होतो, असं मला वाटतं. तुमचे अनुभव लिहा. ज्या कंपनीविषयी गाऱ्हाणं आहे तिचं खरं नाव मात्र नको.

शिडीवाला
मी अशाच एका कंपनीचं काम करून राहिलो. म्हणजे कंपनीचा नाही, ठेकेदाराचा माणूस. मनीषनगरात सिमेंट रोडच्या खोदकामात जेसीबीनं वायर तोडली. मे महिना, भर दुपार. ही काचेची तार केसासारखी असते. टोक स्पिरिटनं पुसायचं, कटरनं सरळ कापायचं, मग दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. धुळीचा एक कण बसला की पुन्हा पहिल्यापासून. वारा सुटला होता म्हणून डोक्याचा दुपट्टा सोडून मशीनवर धरला. जोडणी झाली, राउटरचा लाल दिवा गेला का पाहायला वर गेलो, तर दार उघडणारा पोरगा आत ओरडला, 'मम्मी, चोर कंपनीवाले आले!'

ताई बाहेर आल्या, थंड पाणी दिलं, म्हणाल्या, 'दादा, तुम्हाला नाही, कंपनीला म्हणतो आम्ही.' बरोबर आहे ताई, पण कंपनी कुठं जिने चढते? मीच चढतो. बाकी टपरीवर आम्ही पोरं त्याच कंपनीला काय काय म्हणतो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मिहानची रात्रपाळी
मी कंपन्यांच्या वतीने लोकांच्या पोस्टना उत्तरं देते. आतली गोष्ट सांगते. आमच्यापर्यंत पोस्ट येतात त्या कंपनीच्या नावाने शोधून. नेहमीची चुकीची स्पेलिंगं यादीत असतात, पण काल जन्मलेलं टोपणनाव यादीत नसतं. त्यामुळे तुमची दणदणीत पोस्ट तुमचे मित्र वाचतात, आम्ही नाही. आणि चुकून आलीच, तरी 'कधीपासून, कुठे, काय बंद आहे' यातलं काही नसेल तर मी पुढे काय पाठवू? 'लुटारू' हा शब्द कुठल्याच रकान्यात बसत नाही.

जाता जाता : संतापलेल्या पोस्टखाली जो 'हेल्पलाइन नंबर' टाकून जातो तो बहुतेकदा ठग असतो. अशा पोस्टवर ते टपूनच बसलेले असतात. स्वतःचा मोबाइल नंबर उघड्यावर लिहू नका, समोरच्याने दिलेला फिरवू नका.

काळा कोट, सिव्हिल लाइन्स
कंपनीला कुठे भावना असतात, असं माझे पक्षकार म्हणतात. कायदा तसं म्हणत नाही. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 356 च्या स्पष्टीकरणात कंपनीची किंवा संस्थेचीही बदनामी होऊ शकते असं लिहिलंय. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 499 मध्येही ते होतंच. शिक्षा 2 वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. घाबरू नका, नुसत्या टोपणनावावर कोणी सहसा कोर्टात जात नाही. सार्वजनिक हितासाठी सांगितलेलं सत्य आणि सद्‌हेतूने केलेली टीका यांना अपवाद आहेत. पण 'खडूस' ही टीका आणि 'चोर' हा आरोप, यांतलं अंतर पोस्ट टाकताना कळत नाही.

ग्राहक आयोगात एक गंमत पाहिली. तक्रारदाराने पुरावा म्हणून आपल्याच पोस्टच्या प्रिंट जोडल्या होत्या. समोरच्या वकिलांनी मुद्द्यांना हातही लावला नाही. एकेक टोपणनाव सावकाश, स्वच्छ उच्चारात वाचून दाखवलं, बस. अर्धा तास त्यातच गेला, पुढची तारीख पडली. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, क्रमांक जपून ठेवा, कविता नंतर करा.

गणेशपेठ डेपो, निवृत्त
एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर धावली. आम्ही खाकी घातली तोवर ती 'लाल डबा' झाली होती. प्रवासी तोंडावर म्हणायचे, आम्ही तिकीट फाडत ऐकायचो. 2021-22 च्या संपात गाड्या डेपोत उभ्या राहिल्या, तेव्हा जो तो 'लालपरी, लालपरी' करत होता. गाडी तीच, पत्रा तोच. टेलिफोनमधला माझा साडू तर बीएसएनएलचं 'भाई साहब नहीं लगेगा' स्वतःच सांगून टाळी घ्यायचा. दुसऱ्याने सांगितलं की मात्र तोंड पडायचं.

गांधीसागरकडचा
विषयांतर आहे, पण नागपुरात राहून हे सांगायलाच हवं. टाटांच्या कंपनीचं नाव सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग. 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी गिरणी सुरू झाली आणि तिचं नाव पडलं एम्प्रेस मिल. कंपनीचं लांबलचक नाव आज कोणाला आठवत नाही. टोपणनाव चिडवायचंच असतं असं नाही, खुशामतीचंही चिकटतं.

टर्मिनलवाला
आमच्या कॉलेजच्या काळात मायक्रोसॉफ्टच्या नावातल्या एसच्या जागी डॉलरचं चिन्ह टाकणं म्हणजे लिनक्सवाल्यांचं, म्हणजे विंडोजऐवजी ती खुली संगणक प्रणाली वापरणाऱ्यांचं, गंधच. 2001 मध्ये त्यांच्या प्रमुखाने, स्टीव्ह बामरने, लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं, म्हणजे हिशेब दोन्हीकडून चालू होता. 2016 मध्ये तीच कंपनी लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली, 2018 मध्ये तिने गिटहब ही प्रोग्रामरांची कोड ठेवायची साइट विकत घेतली. आता डॉलरवाले सगळे त्यांच्याच अंगणात कोड ठेवतात.

मला राग येतो तो वेगळ्याच कारणाने. एखादी अडचण शोधावी, तर उत्तर असतं, पण लिहिणाऱ्याने कंपनीचं नाव असं वाकवलेलं असतं की शोधात ते वर येतच नाही. उत्तर छान, पत्ता खोटा.

जागनाथ बुधवारी
सगळे फार सभ्य होऊन राहिले बे! मारबत म्हणजे मिरवणुकीत निघणारा मोठा पुतळा. आमच्या भागातली पिवळी मारबत 1885 पासून निघते, काळी 1881 पासून. तान्ह्या पोळ्याला बडगे, म्हणजे मारबतीसोबतचे टिंगलीचे पुतळे, पाहा. भाववाढ, भ्रष्टाचार, पुढारी, सगळ्यांची नावं ठेवून, गळ्यात पाट्या घालून मिरवणूक निघते आणि मग 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत'. नागपूरकराला नाव ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता माझं. बेसा भागात फ्लॅट घेतला. ताब्याची तारीख उलटली. बिल्डरला पत्रं लिहिली, 'महोदय' लिहून, 'आपला विश्वासू' लिहून. पोच नाही. मग एका वैतागलेल्या काकूंनी त्याला 'बिघडवर' नाव दिलं. ते व्हॉट्सअ‍ॅपवरून बुकिंग ऑफिसपर्यंत गेलं. नवीन गिऱ्हाईक विचारायला लागलं, 'ते बिघडवर तुम्हीच का?' त्याच आठवड्यात साहेबांचा फोन, 'काका, बसून बोलू या.' 'महोदय'ने जे झालं नाही ते काकूंनी केलं. लहान माणसाकडे दुसरं असतं काय?

मिहानची रात्रपाळी
@जागनाथ बुधवारी, तुमच्या काकूंना आमच्या यादीत नोकरी देते. पण पत्रं होती म्हणूनच ना तुम्ही 'बसून' बोलू शकलात?

जागनाथ बुधवारी
फाइल होती, हो. तीन पत्रं आणि महारेराकडे केलेल्या तक्रारीची प्रत.

काळा कोट, सिव्हिल लाइन्स
मग ताबा मिळाला का?

जागनाथ बुधवारी
मिळाला. लिफ्ट अजून बाकी आहे, त्यामुळे नाव चालू ठेवलंय.