महिलांच्या हर्डलची उंची वाढवा, ८४ सेंटिमीटर आता पुरे

मैदानवेडी:

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेतली महिलांची १०० मीटर हर्डल्सची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल पाहिली. स्वित्झर्लंडच्या दिताजी कांबुंजीने १२.२४ सेकंदांत सुवर्ण नेलं, नायजेरियाची तोबी अमुसान १२.२९ मध्ये दुसरी आली. शर्यत अफलातून झाली. पण मी स्वतः राज्य पातळीपर्यंत हर्डल्स पळले आहे, आणि जो प्रश्न मला तेव्हापासून छळतोय तो त्या दिवशी पुन्हा वर आला. म्हणून हा धागा.

पुरुषांचा हर्डल १०६.७ सेंटिमीटरचा असतो, महिलांचा ८३.८. सरळ नऊ इंचांचा फरक. माझी उंची पाच फूट सहा इंच. पुरुषांच्या हर्डलची फळी माझ्या बेंबीच्या वर येते आणि महिलांची जेमतेम जांघेपर्यंत. पुरुषांना प्रत्येक वेळी अख्खं अंग वर उचलून न्यावं लागतं, कंबरेत वाकून छाती मांडीवर आणावी लागते. बायकांच्या शर्यतीत चांगली धावपटू जरा मोठं पाऊल टाकल्यासारखी त्यावरून जाते.

आता वयोगट बघा. मुलांना १८ वर्षांखालील गटात ९१.४ सेंटिमीटर, २० खाली ९९.१ आणि मग खुल्या गटात १०६.७. दर टप्प्याला हर्डल वाढतो आणि मुलगा त्याच्याबरोबर शिकत जातो. मुलींना १८ खाली ७६.२, २० खाली ८३.८, आणि खुल्या गटात? तेच ८३.८. म्हणजे अठराव्या वर्षी जो हर्डल समोर आला तोच निवृत्त होईपर्यंत. कोणीतरी ठरवून टाकलंय की मुलीची वाढ इथे संपली.

ही उंची १९६९ पासूनची आहे. त्याआधी बायका ८० मीटर पळायच्या, आठ हर्डल्स, ७६.२ सेंटिमीटरचे. ते वाढवून १०० मीटर आणि दहा हर्डल्स केले आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला पूर्व जर्मनीच्या आनेली एअरहार्टने १२.५९ मध्ये पहिलं सुवर्ण घेतलं. तेव्हापासून ट्रॅक बदलले, बूट बदलले, ट्रेनिंग बदललं, पण हर्डल तसूभर हलला नाही.

आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगी होती, पाच फूट नऊ इंच. पाय लांब, उडी सुरेख. चौथ्या हर्डलनंतर तिला जागाच पुरायची नाही. दोन हर्डल्समध्ये तीनच पावलं बसवायची म्हणून ती पाय आखडत पळायची, मागच्या पायाचा गुडघा फळीवर आपटायचा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला कायम काळंनिळं. शेवटी सरांनी तिला साध्या ४०० मीटरला टाकलं. हर्डल उंच असता तर तिच्या उंचीचं चीज झालं असतं, असं मला आजही वाटतं.

सहाव्या लेनमधून:

मैदानवेडी ताई, पूर्ण असहमत. मी विद्यापीठापर्यंत हेप्टॅथलॉन (दोन दिवसांत सात स्पर्धा) केलंय, त्यामुळे थोडं लांबलचक लिहिते.

तुमच्या मैत्रिणीच्या उदाहरणातच चूक आहे. तिची अडचण उंचीची नव्हती, दोन हर्डल्समधल्या ८.५० मीटरची होती. हर्डल उंच केला की टेकऑफ, म्हणजे उडी, लांबून घ्यावा लागतो आणि पाय पलीकडे लांब पडतो. मधली जागा आणखी कमी होते. तुमची मैत्रीण चौथ्याऐवजी दुसऱ्याच हर्डलला अडकली असती.

दुसरं, अमुसान. ज्या बाईच्या नावावर १२.१२ चा विश्वविक्रम आहे ती लहान चणीची आहे, आजूबाजूच्या लेनमधल्या बायका तिच्यापेक्षा चांगल्या उंच दिसतात. हर्डल ९१ चा केलात तर पहिली बाहेर फेकली जाणार ती तिच्यासारखी मुलगी. आत्ता या शर्यतीत बुटकी आणि उंच शेजारी शेजारी उभ्या राहून जिंकू शकतात. पुरुषांच्या ११० मध्ये ते दिसतं का? तिथे सहा फुटांच्या खालचा माणूस शोधावा लागतो.

तिसरं, हेप्टॅथलॉनची पहिली स्पर्धाच १०० मीटर हर्डल्स आहे, याच उंचीची. आशियाई खेळांत हांगझोऊला नंदिनी अगसराने कांस्य घेतलं, जकार्ताला २०१८ मध्ये स्वप्ना बर्मनने सुवर्ण. या मुली गोळा टाकतात, भाला टाकतात, ८०० पळतात. पहिल्याच स्पर्धेत उंच हर्डलवर पडून मनगट मोडलं तर दोन दिवसांच्या सहा स्पर्धा तिथेच संपल्या. माझं मनगट ८३.८ वरच मोडलंय. सराव होता, पाऊस पडून गेला होता, नवव्या हर्डलला पुढची टाच अडकली.

आणि हर्डल सोपा आहे म्हणणाऱ्यांनी १९९२ ची बार्सिलोना फायनल आठवावी. गेल डेव्हर्स १०० मीटरचं सुवर्ण घेऊन आलेली, शर्यतीत स्पष्ट पुढे, आणि दहाव्या हर्डलला पाय लागला. धडपडत रेषा ओलांडली तोवर पाचवी. सुवर्ण ग्रीसच्या पातूलिदूला. २००८ ला बीजिंगमध्ये लोलो जोन्स पुढे होती, नववा हर्डल लागला, सातवी. २००४ ला अथेन्समध्ये जगज्जेती पर्डिता फेलिसियन पहिल्याच हर्डलला पडली आणि शेजारच्या रशियन मुलीलाही घेऊन गेली. हे मोठं पाऊल टाकण्यासारखं सोपं काम नाही.

जुना भालेकरी:

मी मैदानवेडींच्या बाजूने.

डेव्हर्सचंच उदाहरण घ्या. १९९२ आणि १९९६ अशी दोनदा १०० मीटरची ऑलिंपिक विजेती, आणि हर्डल्सची तीनदा जगज्जेती. निव्वळ वेगावर हर्डल्स जिंकता येतात याचा आणखी काय पुरावा हवा? पुरुषांमध्ये १०० मीटर आणि ११० हर्डल्स अशी दोन्ही ऑलिंपिक सुवर्णं एकट्या हॅरिसन डिलार्डकडे आहेत, तीही १९४८ आणि १९५२ ची.

विक्रमांचं काय होईल, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. आमच्या भाल्याचा गुरुत्वमध्य १९८६ मध्ये पुरुषांसाठी पुढे सरकवला, बायकांचा भाला १९९९ मध्ये बदलला. जुने विक्रम बाजूला ठेवले, नवी यादी सुरू केली. उवे होनची जुन्या भाल्याची १०४.८० मीटरची फेक त्यामुळे कोणी विसरलं नाही. आणि भालाफेक मेली नाही, आज नीरजमुळे गल्लीतली पोरं काठ्या फेकतायत.

सहाव्या लेनमधून:

@जुना भालेकरी, डेव्हर्सला ऑलिंपिकमध्ये हर्डल्सचं एकही पदक नाही, हे तुम्ही सोडून दिलंत. अटलांटाला ती चौथी आली. बायकांमध्येही दोन्ही सुवर्णं एकाच बाईकडे आहेत, फॅनी ब्लँकर्स-कून, १९४८, आणि तेव्हा ८० मीटरचे हर्डल्स होते. मग फरक कुठे राहिला?

उलट सॅली पिअर्सन बघा. साध्या १०० मीटरमध्ये तिची सर्वोत्तम वेळ ११.१४. या वेळेवर ऑलिंपिकच्या फायनलला पोचणंही कठीण. तीच बाई हर्डल्समध्ये १२.२८ पळली आणि लंडनला सुवर्ण घेऊन गेली. दहा हर्डल्स ओलांडायला फक्त १.१४ सेकंद जास्त. हे तंत्र नाही तर काय?

शिट्टी आणि घड्याळ:

वीस वर्षं शाळा-कॉलेजच्या मुलींना शिकवतोय. माझं म्हणणं दोघींपेक्षा वेगळं आहे.

तुम्ही ज्या नऊ इंचांवर भांडताय ते फायनलच्या आठ लेनमधले आहेत. माझ्याकडे हर्डल्स आहेत सोळा, त्यातले धड अकरा. नियमाप्रमाणे फळीला ३.६ ते ४ किलोचा जोर लागला की हर्डल पडायला हवा. त्यासाठी खालच्या पायांत वजनं असतात आणि उंची बदलली की ती सरकवावी लागतात. आमच्याकडची वजनं गंजून एका जागी बसलीत. उंची ७६ ला आणली तरी वजन वरच्या खाचेचं. मुलीचा पाय लागला की हर्डल पडत नाही, मुलगी पडते. एकदा अशी पडली की पुढचे दोन आठवडे ती हर्डलसमोर आली की पावलं मोजायला लागते, आणि तिसऱ्या आठवड्यात आई येऊन सांगते, सर, तिला लांब उडीत घ्या.

अनुराधा बिस्वालचा १३.३८ चा राष्ट्रीय विक्रम २००२ चा. तो मोडला ज्योती याराजीने, २०२२ मध्ये, सायप्रसला, १३.२३. वीस वर्षं गेली मधे. त्याच्या आधी कोळिकोडला ती १३.०९ पळली होती, पण पाठीमागून वारा सेकंदाला २.१ मीटर. मर्यादा २.०, म्हणून विक्रम धरला नाही. तीच ज्योती आज १२.७८ वर आहे आणि आशियाई विजेती आहे. वीस वर्षांत हर्डल उंच होता की बुटका याने काहीही अडलं नव्हतं. अडलं होतं ते मुलीच या शर्यतीकडे येत नव्हत्या म्हणून. उंची वाढवली की ज्या चार येतात त्यातल्या दोन जातील.

ओरेगनहून:

२०२२ मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेला मी स्टेडियममध्ये होतो, म्हणून लिहितोय. सेमीफायनलला अमुसानची वेळ पाटीवर आली, १२.१२. माझ्या शेजारचे गृहस्थ स्टॉपवॉच घेऊन बसले होते, ते नुसतेच पाटीकडे बघत राहिले. केंड्रा हॅरिसनचा १२.२० चा विक्रम होता, आणि त्याआधीचा दोनकोवाचा १२.२१ तर १९८८ पासून २८ वर्षं टिकलेला. त्यानंतर त्याच संध्याकाळी फायनलमध्ये १२.०६, पण वारा २.५, त्यामुळे विक्रम नाही.

वरून बघताना मला जे दिसलं ते सांगतो. ती हर्डलवर असते तो क्षण डोळ्याला पकडताच येत नाही. पुढचा पाय खाली आला की मागचा गुडघा काखेजवळून पुढे, आणि लगेच पाऊल. पुरुषांच्या शर्यतीत उडी दिसते, इथे लय दिसते. मला ही लय हवी आहे. उंची वाढवून दोन्ही शर्यती सारख्या दिसायला लागल्या तर काय मिळवलं? पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलमध्ये पहिल्या तिघी १२.३३, १२.३४, १२.३६ अशा आल्या. इतकी चुरस असलेली स्पर्धा का मोडायची?

मैदानवेडी:

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

ओरेगनकर, चुरस आहे म्हणून नियम बरोबर, हे मला पटत नाही. हर्डल ६० सेंटिमीटरचा केला तर चुरस आणखी वाढेल. लयीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र सुंदर आहे, आणि ते मला नाकारता येत नाही.

मला राग येतो तो 'झेपणार नाही' या शब्दाचा. १९२८ ला बायका ८०० मीटर पळाल्या, दमलेल्या दिसल्या, म्हणून ती शर्यत १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून काढून टाकली. बायकांची ४०० मीटर हर्डल्स ऑलिंपिकमध्ये आली थेट १९८४ ला. त्याच पहिल्या फायनलमध्ये आपली उषा ५५.४२ मध्ये चौथी आली, कांस्य एका शतांश सेकंदाने गेलं. ती शर्यत आधीच्या कुठल्याही ऑलिंपिकला नव्हती, कारण बायकांना झेपणार नाही असं धरून चाललेलं. स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यावरून पळायची लांब शर्यत, २००८ ला आली. आणि २०२४ ला सिडनी मॅकलॉफलिन ४०० हर्डल्स ५०.३७ मध्ये पळाली. दर वेळी आधी काळजी केली गेली आणि दर वेळी बायका पळाल्या.

पण सहाव्या लेनमधून, तुमचा अंतराचा मुद्दा मी मान्य करते. मी तो विचारच केला नव्हता, माझ्या मैत्रिणीचं उदाहरण खरंच उलट बाजूचं निघालं.

शिट्टी आणि घड्याळ, तुमचं म्हणणं जिव्हारी लागलं. तरीही मला वाटतं शाळेचा हर्डल तोच ठेवून खुल्या गटाचा वाढवता येतो. मुलांचं तसंच चालतं ना? संभाजीनगर जिल्ह्यातला आपला तेजस शिरसे २०२४ मध्ये फिनलंडला ११० हर्डल्स १३.४१ मध्ये पळाला, राष्ट्रीय विक्रम. त्याच मैदानावर त्याच स्पर्धेत ज्योतीने १२.७८ ची बरोबरी केली. दोघांचा कोच एकच, जेम्स हिलियर. तेजसला १८ नंतर दोन पायऱ्या चढाव्या लागल्या, ज्योतीला एक.

सहाव्या लेनमधून:

पायऱ्यांचं तुमचं म्हणणं मला पहिल्यापासून पटतंय, फक्त तिथे पोचायचा रस्ता पटत नाही. उंची वाढवायची तर अंतरही वाढवायला लागेल आणि १०० मीटर तर तेवढेच आहेत. आत्ताचा हिशेब असा: पहिल्या हर्डलपर्यंत १३ मीटर, मग साडेआठचे नऊ टप्पे, शेवटी साडेदहा. टप्पा ८.८० चा केलात तर नऊ टप्प्यांचे ७९.२०, अधिक १३. शेवटच्या हर्डलनंतर उरतात ७.८०. दमलेल्या पायांनी दहावा हर्डल उतरून सावरायला ही जागा पुरेल का, ते कागदावर कळणार नाही.

शिट्टी आणि घड्याळ:

कागदावर नाहीच कळणार. माझ्याकडे दोन उंच मुली आहेत, वीस-एकवीस वर्षांच्या, ८३.८ वर छान पळतात. शनिवारी सकाळी चार हर्डल्स ९१ ला लावतो, मुलांचे आहेत, वजनं नीट सरकतात. आधी ८.५० ला, मग ८.८०. मोबाइलवर बाजूने शूट करून इथे टाकतो. मैदानवेडी, तुम्ही जवळ राहत असाल तर या, टेप धरायला माणूस लागेल.

मैदानवेडी:

येते. किती वाजता?

शिट्टी आणि घड्याळ:

साडेसहा. ऊन चढायच्या आत.