जड गिटारींच्या गदारोळात व्हायोलिन कसं तगतं? (फोक मेटल)

रिफवाला:
कोर्पिक्लानी, तुरिसास, एलुव्हेटी हे फोक मेटल (लोकसंगीत आणि हेवी मेटलची सरमिसळ) बँड ऐकताना दोन डिस्टॉर्शन गिटार आणि डबल किकच्या (दोन्ही पायांनी वाजणाऱ्या बास ड्रमच्या) धुमाकुळातही व्हायोलिनची चाल स्वच्छ कानावर येते. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र व्हायोलिन एकतर गायब, नाहीतर नुसतं किंचाळतंय. गिटार ड्रॉप सीला (सगळ्यात खालची तार सीपर्यंत उतरवलेली). व्हायोलिनला पिएझो पिकअप (कंपनं टिपून विजेचा सिग्नल देणारा), तो थेट इंटरफेसच्या (वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याच्या) लाइन इनपुटमध्ये. घोडं कुठे अडतंय? आणि मुळात ही जोडी इतकी जमते का?

पंचमस्वर:
आधी दुसऱ्या प्रश्नाचं. जास्त गेनवर (सिग्नल जितका वाढवाल तितकं डिस्टॉर्शन) गिटार पूर्ण कॉर्ड वाजवू शकत नाही. डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या फरकाचा तिसराच स्वर तयार होतो. मूळ स्वर आणि पंचम यांचं नातं २:३, फरक १, म्हणजे खालच्या सप्तकातला तोच मूळ स्वर. म्हणून पॉवर कॉर्ड (फक्त मूळ स्वर आणि पंचम) भरदार लागतो. पण ए आणि सी (५:६) एकत्र वाजवा, खाली एफ घुमायला लागतो, जो कुणी मागितलेलाच नव्हता. त्यामुळे गिटारवाले गंधार सोडून देतात आणि कॉर्ड मेजर की मायनर हे अधांतरी राहतं.

तो सोडलेला गंधार व्हायोलिन उचलतं. त्याचा सिग्नल वेगळ्या वाटेने जात असल्यामुळे गढूळपणा येत नाही. रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) तोच ठेवून वर व्हायोलिनने गंधार बदलला की गाण्याचा चेहराच पालटतो. इंग्लंडच्या स्कायक्लॅडने १९९१च्या पहिल्याच अल्बममध्ये थ्रॅश रिफच्या जोडीला जिगचं (जलद लोकनृत्याच्या चालीचं) व्हायोलिन आणलं. फिन्निश बँडांनी पुढे हुंप्पाचा (फिनलंडच्या नाचाच्या संगीताचा) दोन मात्रांचा ठेका घेतला. नुसतं वर शोभेला व्हायोलिन लावणारे बँड मला तरी कंटाळवाणे वाटतात.

फेडर_खाली:
किंचाळण्याचं कारण तुमच्या प्रश्नातच आहे: लाइन इनपुट. त्याचा इम्पीडन्स (विद्युत अवरोध) साधारण १० किलोओहम, पिएझोला हवा १ मेगाओहमच्या आसपास. कमी मिळाला की खालचे स्वर गळून पडतात आणि उरतो तो कर्कश वरचा भाग. इंटरफेसवर गिटारसाठीचं हाय-झी (जास्त इम्पीडन्सचं) बटण दाबा. ते नसेल तर पिएझोसाठीचा प्रीअँप मध्ये घाला. रेकॉर्डिंगच करायचं असेल तर पिकअप सोडाच, घोडीपासून ३०-४० सेंटिमीटर वर माइक लावा. पिकअप स्टेजसाठी.

मग ईक्यू (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणं). व्हायोलिनची सर्वात खालची तार जी, १९६ हर्ट्झ. त्याखाली फक्त खडखडाट असतो, तेव्हा १८० हर्ट्झला हाय-पास (खालचं कापणारा फिल्टर) लावा. आता व्हायोलिन वाढवण्याऐवजी गिटारमधून २.५ ते ३.५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात २-३ डेसिबल काढा. भांडण तिथेच आहे. सोलो करून ऐकलं तर गिटार थोडी मंद वाटेल, दुर्लक्ष करा. गिटारचा गेनही खाली आणा. दोन गिटार टेक पूर्ण डावी-उजवीकडे टाकले की मध्ये जागा मोकळी होते, पण तिथे गायक असतो, म्हणून व्हायोलिन २०-३० टक्के बाजूला सरकवा. रीव्हर्बला ३०-४० मिलिसेकंद प्री-डिले दिला (घुमारा तेवढा उशिरा सुरू केला) तर गजाचा घाव पुसला जात नाही.

रिफवाला:
हाय-झी बटण होतं, कधी दाबलंच नव्हतं! कर्कशपणा बराच गेला. पण चाल अजूनही किंचित बेसूर लागते. ट्यूनर तर दोन्ही वाद्यं बरोबर दाखवतोय.

गजवाली:
ट्यूनर हलक्या हाताने वाजवलेली तार मोजतो. ड्रॉप सीला सैल तार जोरात हाणली की स्वर त्या क्षणी काही सेंट (अर्ध्या स्वराचे शंभरावे भाग) चढतो, आणि दोष व्हायोलिनच्या माथी. २५.५ इंच स्केलला (तारेची वाजती लांबी) खालची तार ५६ ते ६० गेजची (जाडीची) घ्या, आणि रिफमध्ये हाणता त्याच जोराने ट्यून करा.

पट्टीही बघा. सी मायनरमध्ये व्हायोलिनच्या ए आणि ई या खुल्या तारा बाहेर पडतात, कारण तिथे दोन्ही स्वर कोमल. बोटं अवघडतात आणि नाद कोंदटतो. ड्रॉप डीला येऊन डी डोरियनमध्ये (डीपासून सुरू होणारे पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांचे स्वर) चाल बांधा, जी-डी-ए-ई चारही खुल्या तारा पट्टीत बसतात. खुली डी घुमत ठेवून शेजारच्या ए तारेवर चाल वाजवली की तो जत्रेतल्या नाचाचा आवाज आपसूक येतो.

आणि डबल किक सोळांशात (एका मात्रेत चार ठोके) धावत असेल तेव्हा व्हायोलिननेही सोळांश वाजवायचा हट्ट नको, सगळं एकमेकांत मिसळतं. तिथे लांब गज. जलद जिग हाफ-टाइम (अर्ध्या वेगाच्या) ठेक्यावर ठेवा, आणि गिटारला तीच चाल द्यायची असेल तर एक सप्तक खाली.