जुन्या नऊवारी पैठणीची घडीवर विरलेली वीण: जोड द्यावा की अंग बदलावे?

माझ्या सासूबाईंची १९६१ सालची नऊवारी पैठणी माझ्याकडे आहे. येत्या मार्गशीर्षात मुलीचे लग्न आहे आणि सीमांतपूजनाला आजीची पैठणी सहावारी पद्धतीने नेसायची, असे तिने मनाशी पक्के केले आहे. पैठणीची दुरुस्ती ज्यांनी करून घेतली आहे किंवा स्वतः केली आहे, अशांचा सल्ला हवा आहे.

पैठणी वांगी रंगाची असून काठ नारळी आहेत. पदरावर मुनियांची रांग आहे आणि त्या हिरव्या राघूंच्या चोचीचा लाल ठिपका उलट बाजूनेही तितकाच नेटका दिसतो. पदराला एवढ्या वर्षांत काहीही झालेले नाही. बिघडले आहे ते अंग, म्हणजे काठ आणि पदर सोडून उरलेले मधले कापड. मागच्या आठवड्यात पलंगावर चादर अंथरून मी ती उलगडली, तेव्हा आतल्या टोकाकडच्या तीन आडव्या घड्यांवर रेशीम चिरलेले दिसले. सर्वांत मोठी चीर वीतभर आहे. तिथे बोट फिरवले की वांगी रंगाचा भुगा बोटाला लागतो. उभी मधली घडी मात्र अजून शाबूत आहे.

यात माझीही चूक आहे. सात-आठ वर्षांपूर्वी मी ती एका दुकानात रोल-पॉलिशला दिली होती. परत आली तेव्हा ती चकचकीत पण पुठ्ठ्यासारखी कडक झाली होती, आणि घड्या बदलायला हव्यात हे न सुचल्याने मी ती त्याच घड्यांवर कपाटात ठेवून दिली. आता ती मांजरपाटात सैल गुंडाळून ठेवली आहे. काठाची जर जागोजागी काळवंडली आहे. पितळेची भांडी घासतात तशी ती चिंचेने पुसण्याचा सल्ला एका नातेवाईक बाईंनी मनापासून दिला, तो मी तितक्याच मनापासून टाळला.

जर खरी आहे का, हे आधी पाहून घेतले. सुटलेल्या टोकाचा एक धागा सोनाराकडे नेला. त्यावरची चपटी तार उलगडल्यावर आत रेशमाचा धागा निघाला, आणि तार घासल्यावर सोन्याच्या मुलाम्याखाली तांब्याची लाली न दिसता पांढरी चांदी दिसली. हे कळताच जुनी जर विकत घेणाऱ्या एका माणसाने वजनावर भाव सांगितला. पैठणी जाळून चांदी काढायची, हा त्याचा सरळ हिशेब होता. त्याला नकार दिला आहे, तेव्हा तो पर्याय कृपया सुचवू नये.

उरले दोन मार्ग. पहिला, पदर आणि काठ उतरवून नव्या रेशमी अंगावर बसवणे. मुलीचा कल याकडे आहे, कारण मग लग्नाच्या गर्दीत साडी फाटण्याची धास्ती राहणार नाही. परंतु पैठणीचे काठ शिवलेले नसतात. काठाचा आणि अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, तो ओवणाऱ्या वेगवेगळ्या धोट्यांनी येऊन मागावरच एकमेकांत अडकवलेला असतो. त्यामुळे काठ कापताना जुन्या अंगाची पट्टी त्याला ठेवावीच लागेल, आणि ती पट्टीही विरलेली असेल तर नवी शिवण कशाच्या आधारावर टिकणार, हे मला उमगत नाही.

दुसरा मार्ग मला सुचलेला आहे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर आणि सहावारीला साडेपाच मीटर पुरतात. म्हणजे पावणेतीन मीटर कापड जास्तीचे आहे. चिरांचा पट्टा जेमतेम मीटर-सव्वामीटरचा आहे. तेवढा भाग काढून उरलेले दोन तुकडे काठाला काठ जुळवून जोडले, तर तो जोड निऱ्यांमध्ये झाकला जाईल आणि पदर त्याच्या मूळ अंगासकट राहील. मन याच पर्यायाकडे ओढ घेते, पण जरीच्या काठाचे वजन निऱ्यांच्या खालच्या टोकाशी येते आणि त्या ओढीने जोडालगतचे रेशीम पुन्हा चिरले तर काय, ही भीती आहे.

म्हणून विचारायचे आहे. असा आडवा जोड कोणी दिला आहे का? त्याखाली जाळीचे अस्तर लावावे की पातळ रेशमाचे, आणि ते जोडापुरते की संपूर्ण अंगाला? संपूर्ण अस्तर लावल्यास निऱ्या जाड होऊन फुगतात का? कापण्याआधी कडक झालेले रेशीम मऊ करता येते का, की पाण्याचा हातही लावू नये? येवल्याचे किंवा पैठणचे विणकर दुसरीकडे विणलेल्या जुन्या साडीचे असे काम घेतात का, आणि त्याला साधारण किती आठवडे लागतात? काळवंडलेल्या जरीबद्दल मला काही करायचे नाही, ती तशीच राहू द्यावी असे वाटते; मुलीचीही त्याला हरकत नाही.

कात्री अजून लावलेली नाही. ज्यांचा असा जोड फसला असेल, त्यांनी तेही लिहावे आणि नेमका कुठून उसवला ते सांगावे.