एकट्यादुकट्या कारागिरांच्या पाणबुड्या: खरी अडचण कशाची होती?

शेततळे_सांगली:

नमस्कार. माझा भाचा यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी बांधलेल्या पाणबुड्यांच्या चित्रफिती पाहून त्याने सुट्टीत स्वतःच एक माणूस बसेल एवढी पाणबुडी बांधायची आणि आमच्या शेततळ्यात उतरवायची, असे ठरवले आहे. तळे भरलेले असते तेव्हा पाणी तीन मीटर असते. जाड पत्र्याची एक मीटर व्यासाची आणि दोन मीटर लांबीची टाकी भंगारात मिळाली की निम्मे काम झाले, असे त्याचे म्हणणे आहे. मला त्याचा उत्साह मोडायचा नाही, पण डोळे मिटून होकारही द्यायचा नाही. वेल्डिंग आणि विजेची मोटार नव्हती त्या काळातही काही लोकांनी स्वतःच्या हिमतीवर पाणबुड्या बांधल्या, एवढे मला ठाऊक आहे. त्यांना खरी अडचण कोणती आली: कवच फुटण्याची, हवेची, की आणखी कशाची? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

जुने_गलबत:

माझ्या मते कवचाचा क्रमांक बराच खाली लागतो. पाण्यात हव्या त्या खोलीवर थांबणे आणि तेथून खात्रीने वर येणे, या दोन गोष्टींनी जुन्या कारागिरांना सर्वांत जास्त छळले.

अमेरिकेत कनेक्टिकटच्या डेव्हिड बुशनेलने १७७५ च्या सुमारास बांधलेली ‘टर्टल’ पाहा. ओकच्या जाड लाकडाचे, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले आणि डांबर फासलेले हे एका माणसाचे उभे पिंपच होते. आत बसलेला माणूस पायाने झडप दाबून तळात पाणी घेई, त्यामुळे नाव जड होऊन खाली जाई. वर यायचे असेल तेव्हा तेच पाणी हातपंपाने बाहेर काढावे लागे. पुढे सरकण्यासाठी एक पंखा आणि वर-खाली होण्यासाठी दुसरा, हे दोन्ही हातानेच फिरवायचे आणि त्यातच सुकाणूही सांभाळायचे. आतली हवा सुमारे अर्धा तास पुरे. मेणबत्ती लावली तर तीही हवा खाणार, म्हणून होकायंत्र आणि खोली दाखवणारी काचनळी यांवर अंधारात चमकणारी बुरशी लागलेले कुजके लाकूड बसवले होते. पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात ज्यांनी चमकणारी बुरशी पाहिली आहे, त्यांना हा प्रकाश किती मंद असेल याची कल्पना येईल.

मला सर्वांत मोलाची वाटते ती या नावेतील एक साधी सोय. तळाशी असलेल्या शिशापैकी सुमारे ९० किलो शिसे आतूनच सोडून देता येई. पंप बिघडला, झडप अडकली, तरी शिसे सुटताच नाव आपोआप वर येणार. भाच्याच्या आराखड्यात असे काही आहे का, हे त्याला आधी विचारा.

सप्टेंबर १७७६ मध्ये एझरा ली नावाचा सार्जंट हीच नाव घेऊन रात्री न्यूयॉर्क बंदरात ब्रिटिशांच्या ‘ईगल’ या युद्धनौकेखाली पोहोचला. जहाजाच्या बुडात गिरमिट घुसवून त्याला सुरुंग अडकवायचा, असा बेत होता. पण गिरमिट लागले नाही. ते लोखंडी पट्टीवर बसले असावे, असे पुष्कळ जण मानतात. मला मात्र दुसरेच कारण अधिक पटते. भिंतीला भोक पाडताना आपण जमिनीवर पाय रोवून जोर लावतो. पाण्यात अधांतरी तरंगणाऱ्या नावेतून वर जोर लावला की नावच खाली सरकते, कारण तिला रोवायला पायच नसतात.

तेलकट_हात:

वरच्या उत्तराला थोडे आकडे जोडतो. मी जन्मभर टाक्या आणि बॉयलर यांच्या दुरुस्तीचे काम केले आहे, त्यामुळे इतिहासात माझी गती कमी आहे. एक जर्मन प्रकरण मात्र मला पाठ आहे.

भाच्याच्या टाकीचे आकारमान सुमारे १.५७ घनमीटर होते, म्हणजे ती पूर्ण बुडण्यासाठी तिचे आतल्या माणसासह एकूण वजन सुमारे १,५७० किलो भरले पाहिजे. पाच मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची धरली तरी टाकी ३१० किलोच्या आतबाहेर भरेल; त्यात ६५ किलोचा माणूस बसवला तरी जवळजवळ १,२०० किलो कमी पडतात. एवढे शिसे, दगड किंवा पाणी कोठे ठेवायचे, हा पहिला प्रश्न आहे. आता समजा, त्याने वजन अगदी बरोबर जुळवले. मग पाच किलो जास्त झाले की ती तळाशी जाऊन बसेल आणि पाच किलो कमी झाले की वर येईल. अधेमधे ती स्वतःहून थांबत नाही, कारण तीन मीटर खाली पाणी काही घट्ट होत नाही.

दुसरा मुद्दा वजनासाठी घेतलेल्या पाण्याचा. विल्हेल्म बाउअरने किएल येथे बांधलेली ‘ब्रांडटाउखर’ १ फेब्रुवारी १८५१ रोजी चाचणीच्या वेळी बुडाली. मूळ आराखड्यात या पाण्यासाठी स्वतंत्र टाक्या होत्या. पैसे कमी पडले म्हणून त्या गाळल्या आणि पाणी तळात मोकळे सोडले. नाव किंचित मागे कलताच सगळे पाणी मागे धावले, त्यामुळे ती आणखी कलली आणि बंदराच्या तळाशी जाऊन रुतली. पाण्याने भरलेली परात दोन्ही हातांनी उचलून चालताना काय होते, ते आठवा.

यापुढचा भाग भाच्याने लक्ष देऊन वाचावा. बाउअर आणि त्याचे दोन सोबती जिवंत होते, पण झाकण उघडत नव्हते. साठ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर तुमच्या तीन मीटरच्या तळ्यातसुद्धा साडेआठशे किलोंचा भार येतो. तेथे पाणी याहून बरेच खोल होते. बाउअरने सोबत्यांना समजावले की पाणी आत येऊ द्यायचे, आतली हवा दाबली जाऊन आत-बाहेर दाब सारखा झाला की झाकण आपोआप सैल होईल. गळ्यापर्यंत पाणी चढत असताना तासन्‌तास वाट पाहायची, हे ऐकायला सोपे वाटते. अखेर झाकण उघडले आणि तिघेही हवेच्या बुडबुड्याबरोबर वर आले. १८८७ मध्ये गाळातून काढलेली ती नाव आज ड्रेस्डेनच्या लष्करी संग्रहालयात आहे.

हवेबद्दल थोडक्यात सांगतो. स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण वीस लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, हँडल फिरवणारा त्याच्या तिप्पट तरी. दीड घनमीटर हवेत तासाभर हँडल फिरवले तर प्रमाण चार टक्क्यांवर जाते, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे शंभरपट. प्राणवायू संपण्याच्या खूप आधी डोके दुखते, धाप लागते आणि विचार सुचेनासे होतात.

किनारा७:

कवचाचा क्रमांक खालचा, हे विधान मला सरसकट मान्य नाही. इंग्लंडमधील जॉन डे याने जून १७७४ मध्ये प्लिमथजवळ ‘मारिया’ या छोट्या गलबतात लाकडी खोली बांधून घेतली आणि पैजेखातर बारा तास पाण्याखाली राहण्यासाठी तो त्यात शिरला. दगडांच्या भाराने गलबत खाली गेले, ते पुन्हा वर आले नाही. दगड आतून सोडून देण्याची सोय त्याच्याकडेही होती. त्याआधीची चाचणी नऊएक मीटर खोलीवर यशस्वी झाली होती, म्हणूनच तर तो तीस मीटरहून खोल जायला धजावला. खोली चिरडली गेल्यावर दगड सोडायला आत कोण उरणार?

तेलकट_हात:

मुद्दा बरोबर आहे, कवचाचे ते विधान तीन मीटरपुरतेच समजावे. तरीही भाच्याला एक सांगा की टाकीचा गोल भाग दाब चांगला सोसतो, तिची सपाट तोंडे सोसत नाहीत. एक मीटर व्यासाच्या सपाट तोंडावर तीन मीटर खोलीला दोन हजार तीनशे किलोंहून अधिक भार येतो. आतून दाब सोसण्यासाठी बनवलेली टाकी बाहेरून येणारा दाब तितकाच सोसेल, हा समज कारखान्यातही पुष्कळांचा असतो. रिकामी होताना हवा आत यायला वाट न मिळाल्यामुळे मोठमोठ्या टाक्या चिपाडासारख्या चेपलेल्या मी पाहिल्या आहेत.

जुने_गलबत:

जॉन डेची दुरुस्ती मान्य. भाच्याला निराश करायचे नसेल तर त्याला सायमन लेकची गोष्ट सांगा. न्यू जर्सीच्या या माणसाने १८९४ मध्ये ‘आर्गोनॉट ज्युनियर’ बांधली, तीही पिवळ्या पाइनच्या दोन थरांमध्ये कॅनव्हास घालून. अधांतरी थांबण्याचा प्रश्न त्याने सोडवला नाही, सरळ टाळला. नाव तळाशी जाऊन टेकायची आणि हँडल फिरवून चाकांवर चालवायची. दाबलेली हवा साठवायला सोडा वॉटरच्या दुकानातली टाकी आणि ती भरायला नळकारागिराचा हातपंप! आतल्या हवेचा दाब पाण्याइतका केला की तळातले दार उघडूनही पाणी आत येत नसे, आणि लेक त्यातून हात घालून तळावरच्या वस्तू उचलत असे.

जॉन हॉलंड या आयरिश शाळामास्तराने उलटा मार्ग धरला. नाव नेहमी पाण्यापेक्षा किंचित हलकीच ठेवायची आणि वेगात असताना आडव्या पंखांनी तिला खाली दाबायची. यंत्र बंद पडले की ती आपसूक वर येणार. १८७८ मध्ये पॅटरसनच्या नदीत उतरवलेली त्याची पहिली नाव जेमतेम चौदा फुटांची होती. १९०० मध्ये अमेरिकन नौदलाने त्याची सहावी नाव दीड लाख डॉलरला विकत घेतली.

शेततळे_सांगली:

सर्वांचे मनापासून आभार. ही चर्चा भाच्याला वाचायला दिली. १,२०० किलोंच्या आकड्यापाशी तो बराच वेळ थांबला, मग वही काढून त्याने स्वतः गणित केले आणि उत्तर तेच आले. माणूस बसवण्याचा बेत तूर्त मागे पडला आहे. हॉलंडप्रमाणे किंचित हलकी आणि आडव्या पंखांनी खाली जाणारी, हातभर लांबीची प्रतिकृती आधी करायची, असे त्याने ठरवले आहे. काल संध्याकाळी पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात वाळू भरून तो घराच्या हौदात बुडवत बसला होता. चमचाभर वाळू जास्त झाली की पाइप तळाला आणि कमी झाली की वर, असे तासभर चालले होते.